लिनक्स मिंटच्या लॉगिन स्क्रीनवर फोटो लागत नाही, पासवर्डही चालत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला सोसायटीच्या वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मिंट टाकलंय. लॉगिन स्क्रीनवर सिंहगडाचा फोटो हवाय, तो लागत नाही. मराठी कीबोर्ड घेतल्यापासून बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. आणि सभासदांची नावं यादीत दिसतात, ती नकोत.

लॉगिन स्क्रीन हा तुमच्या डेस्कटॉपचा भागच नाही. मिंटमध्ये ते काम लाइटडीएम करतो आणि समोरचा पडदा लाइटडीएम याच नावाच्या वेगळ्या युजरखाली चालतो. तुम्ही अजून आत आलेलाच नसता, मग तुमच्या सेटिंग त्याला कुठून कळणार?

फोटो तुमच्या होम फोल्डरमध्ये असेल आणि ते फोल्डर इतरांना बंद असेल, तर त्याला तो वाचताच येत नाही. होम एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलं असेल तर मुळीच नाही. सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) वापरून फोटो यूएसआरमधल्या शेअरमधल्या बॅकग्राउंड्स या फोल्डरात टाका, परवानगी 644 (वाचू सगळे शकतात, बदलू फक्त मालक) ठेवा आणि मेनूतल्या ‘लॉगिन विंडो’मध्ये तो निवडा. तिथेच युजरचं स्वतःचं वॉलपेपर दाखवण्याचं बटण आहे, ते बंद करा. नाहीतर नाव निवडलं की सिंहगड गायब.

पासवर्डचं खरं दुखणं असं की टाइप केलं की नुसते ठिपके दिसतात, ‘के’ पडला की ‘क’ ते कळत नाही. पासवर्ड बदलत बसू नका. नाव हाताने टाइप करायचा पर्याय चालू करा आणि नावाच्या चौकटीत दोन अक्षरं मारून बघा. देवनागरी उमटली तर चोर सापडला. मग इटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातली ‘कीबोर्ड’ ही फाइल सुडोने उघडा. लेआउटच्या ओळीत ‘इन’ (भारतीय कीबोर्ड) आधी असेल तर ‘यूएस’ (इंग्रजी) पुढे आणा, ‘इन’ मागे टाका, मशीन रीस्टार्ट करा.

यादी लपवायचं बटणही ‘लॉगिन विंडो’मध्येच, युजर्सच्या टॅबवर. पण मग प्रत्येकाला आपलं युजरनेम स्पेलिंगसकट पाठ हवं, आणि संध्याकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा तुम्हालाच हाक मारणार. वाचनालयासाठी मी तरी गेस्ट सेशन चालू करेन: पासवर्ड नाही, आणि लॉगआउट केलं की त्यातल्या फायली पुसल्या जातात. पेनड्राइव्हवर सेव्ह करा अशी चिठ्ठी मात्र मॉनिटरला चिकटवा. ऑटोलॉगिनच्या नादी लागू नका. आत गेल्यावर कीरिंग (सेव्ह केलेले पासवर्ड जपणारी तिजोरी) पासवर्ड मागत बसतं.

काही बिघडून पडदा काळाच राहिला, तर कंट्रोल, ऑल्ट, एफ2 दाबा. साधा टेक्स्ट लॉगिन येईल, तिथून केलेला बदल मागे घ्या. लाइटडीएम रीस्टार्ट करायचा असेल तर आधी सगळं सेव्ह करा, उघडे प्रोग्रॅम तो धाडकन बंद करतो.