पूर्व आफ्रिकेतले मसाई जमातीचे गुराखी आणि सिंह यांच्यातला संघर्ष कमी कसा करता येतो?

आधी रात्रीचं कुंपण भक्कम हवं. सिंहाचा वास आला की गुरं बिथरतात, काटेरी फांद्यांचं कच्चं कुंपण मोडून स्वतःच बाहेर पळतात आणि तिथेच सिंहाच्या तावडीत सापडतात. उत्तर टांझानियात तारेच्या जाळीला खांब म्हणून कॉमिफोरा नावाच्या झाडाच्या जिवंत फांद्या रोवतात. त्या मूळ धरतात, कुंपण वर्षागणिक दाट होतं.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते केनियातल्या अंबोसेलीत २००७ पासून चालू असलेलं 'लायन गार्डियन्स'चं काम. पूर्वी सिंह मारून नाव कमावणारे मसाई तरुणच आता पगारावर सिंहांचा माग काढतात, त्यांना नावं देतात, 'आज तिकडे गुरं नेऊ नका' म्हणून गुराख्यांना सावध करतात, हरवलेली जनावरंही शोधून आणतात. सिंहाने मारलेल्या गुरांची भरपाईही हवीच, पण वेळेत. ती रखडली की राग सिंहावर निघतो.