थायरॉइड ग्रंथी काढल्यानंतर गोळीचा डोस जुळायला किती वेळ लागतो?

आपण लिहिले आहे की शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले, रोज 100 मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, तरी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक; औषध कमी पडले की हा आकडा वाढतो, जास्त झाले की उतरतो) 9 आला आणि दिवसभर अंगात त्राण नसते. त्यामुळे गोळी लागूच पडत नाही की काय, अशी शंका आपल्याला येते. मी डॉक्टर नाही. गाठींमुळे माझी संपूर्ण थायरॉइड ग्रंथी पुण्यातच काढली, त्याला आता तीन वर्षे होतील, आणि या वाटेवर मी बऱ्याच ठेचा खाल्ल्या आहेत, एवढ्याच अधिकाराने लिहिते.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे आपल्या थायरॉइडच्या गोळीतले औषध, शरीरात निम्मे उरायला साधारण 7 दिवस लागतात. त्यामुळे डोस सुरू केला किंवा बदलला की रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात, आणि म्हणूनच डॉक्टर 6 ते 8 आठवड्यांनी तपासणी सांगतात. ग्रंथी पूर्ण काढलेल्यांना सुरुवातीचा डोस बहुधा वजनावरून, किलोमागे सुमारे 1.6 मायक्रोग्रॅम, या हिशेबाने देतात; पण तो अंदाजच असतो, आणि वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर तो मुद्दाम कमी ठेवतात. पहिल्याच तपासणीत आकडा जुळला नाही, यात घाबरण्यासारखे काही नाही.

माझे वजन तेव्हा 62 किलो होते आणि डोस 100. सहा आठवड्यांनी टीएसएच 11 आला, डॉक्टरांनी डोस 125 केला. त्यांनी गोळी कशी घेता असे विचारले, तेव्हा मी ‘उपाशीपोटी’ असे उत्तर दिले, आणि ते खोटेही नव्हते. फक्त गोळीनंतर दहा मिनिटांत आल्याचा, दाट दुधाचा चहा होत असे. पुण्यात सकाळचा चहा कोणी ‘खाण्यात’ धरत नाही, मीही धरला नव्हता. त्यात शस्त्रक्रियेनंतर बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येत असल्याने कॅल्शियमच्या गोळ्या चालू होत्या. (थायरॉइडच्या मागे पॅराथायरॉइड नावाच्या, बहुधा चार, बारीक ग्रंथी असतात, शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या की कॅल्शियम उतरते. आपल्याला अशा मुंग्या येत असतील तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता सर्जनना लगेच कळवा.) त्या पांढऱ्या, लांबट गोळ्या आणि थायरॉइडची इवलीशी गोळी एकाच स्टीलच्या डबीत असत, आणि विसरायला नको म्हणून मी दोन्ही एकदमच गिळत असे.

ही डबी सुनेने पाहिली आणि तिने माहितीपत्रक वाचून दाखवले. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्यासोबत घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, आणि ही गोळी व कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांच्यात निदान चार तासांचे अंतर, कारण त्या आतड्यातच औषधाला धरून ठेवतात. मी त्याच दिवसापासून वेळ पाळू लागले, आणि इथे दुसरी चूक केली: डॉक्टरांना सांगितले नाही. आता 125 मायक्रोग्रॅम जवळजवळ सगळे अंगी लागू लागले. छातीत धडधडे, रात्री झोप लागेना, आणि दिवाळीत रांगोळीचे ठिपके जोडताना रेघ थरथरू लागली, तेव्हा कुठे मी तपासणी केली. टीएसएच 0.1. डोस पुन्हा 100 वर आणला आणि दोन महिन्यांनी आकडा 2.3 झाला. म्हणजे पहिलाच डोस बरोबर होता. मी तो रक्तात नीट पोहोचूच देत नव्हते.

म्हणून आपल्याला सुचवावेसे वाटते की डोस वाढवून घेण्यापूर्वी सकाळचा क्रम मिनिटांसह कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. पित्ताची गोळी घेत असाल तर तीही लिहा, तिनेही शोषण कमी होते. सकाळी चहा सुटत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर निदान तीन तासांनी गोळी घेण्याचा पर्याय असतो, तो डॉक्टरांना विचारा. चतुर्थीच्या उपवासाला गोळी चुकवू नका. माझ्या सासूबाईंनीही औषधाने उपवास मोडत नाही असा निर्वाळा दिला आहे. बाटली ओट्यावर, गॅसच्या शेजारी ठेवू नका, उष्णतेने आणि ओलाव्याने औषध खराब होते.

थकवा मात्र आकड्याच्या मागून जातो. शस्त्रक्रियेपूर्वी मी पर्वतीच्या 103 पायऱ्या न थांबता चढत असे, टीएसएच 2.3 आल्यानंतरही अर्ध्यावर बसावे लागत होते, आणि पूर्वीसारखे चढायला आणखी तीनेक महिने गेले. कोणाच्या रिपोर्टशी आपला आकडा ताडून पाहू नका. कर्करोगामुळे ग्रंथी काढलेल्या काही रुग्णांचा टीएसएच डॉक्टर हेतुपुरस्सर खाली ठेवतात. आणि केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व सुरू केले असेल, तर रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस ते बंद ठेवता येईल का, हे विचारून घ्या. त्याने रिपोर्टचे आकडेच चुकू शकतात.