‘गोळ्यांनी लेकरू मोठं होतं, मग सिझर करतात’

बीड जिल्ह्यातल्या गरोदर बायांकडून ही शंका मी सतत ऐकते. उत्तर सोपं आहे: रक्तवाढीसाठी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्यांनी बाळ फुगत नाही. उलट आईचं रक्त फार कमी असेल तर बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधीच जन्मण्याचा धोका वाढतो. बाळ आडवं किंवा पायाळू असणं, त्याचे ठोके बिघडणं, आधीचं सिझर असणं, अशा कारणांनी सिझर करावं लागतं. पण एवढं सांगून गोळ्या सुरू होतात, असं मला कधी दिसलं नाही.

ऊसतोडीला जाणारी एक बाई भाद्रपदात सासूबरोबर आली होती. दुसरी खेप, चौथा महिना, हिमोग्लोबिन 7.8. गरोदरपणात ते किमान 11 हवं. गोळ्यांची पाकिटं घरात तशीच पडून होती. गोळ्यांनी काय होईल असं वाटतं, हे न विचारता मी विचारलं, “सिझर झालंच तर काय होईल?”

“कोयता मोडंल की मॅडम,” ती म्हणाली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशांना उचल. “उचल दोघांच्या नावावर घेतलीय. मी बसले तर ह्यांचा अर्धाच कोयता. एका खाड्याचे पैसे मुकादम कापतो, इथं दोन-तीन महिने कोण सोसंल?”

मग सासू बोलली. गोळ्या घेतल्या की सुनेला मळमळतं, शौच काळी होते. दिवसभर मोळ्या उचलायच्या त्यात हे कशाला?

अशा बायांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिचा हिशेब चोख होता, त्यात फक्त अशक्तपणाचा खर्च धरलेला नव्हता. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आधीच रक्त कमी असलेली बाई लवकर गंभीर होते. दुसरं म्हणजे, सिझरचे पैसे भरावे लागतील असं दोघी धरून चालल्या होत्या. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याचं वाहन मोफत आहे. हे ऐकल्यावर सासू खुर्ची पुढे ओढून बसली.

गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची ठरली, म्हणजे मळमळ झोपेत जाते. चहा गोळीच्या आधी-नंतर तासभर नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौच काळी होणं लोहामुळेच, घाबरायचं नाही. डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या लिहिल्या आणि त्याने भागलं नाही तर शिरेतून लोह द्यायचं ठरवलं.

दसऱ्यानंतर ती गेलीच. ‘जाऊ नको’ म्हणायचा हक्क मला होता का? तिच्या उचलीचे पैसे मी भरणार नव्हते. सोबत माता बाल संरक्षण कार्ड, महिनाभराच्या गोळ्या आणि 108 नंबर दिला. कार्ड दाखवलं की कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासणी होते आणि गोळ्या मिळतात, हे नवऱ्यालाही फोनवर सांगितलं. फडावरून दवाखान्यात न्यायचं की नाही, ते तोच ठरवणार होता.

दिवाळीनंतर तिथल्या केंद्रात तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन 9.6 झालं होतं. मोळ्या उचलायचं काम दिराने घेतलं, ती वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधत राहिली. जानेवारीत ती माहेरी आली आणि फेब्रुवारीत सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण झालं. उचलीतली बाकी मुकादमाने पुढच्या हंगामावर लिहिली.