आत्तेसासूबाईंचा गणपती

*मावशी, मी ३६ वर्षांची, कऱ्हाडजवळ राहते. पतसंस्थेत कारकून आहे, पगार १९ हजार. चार वर्षं शाडूचे गणपती करते, साच्याशिवाय, हाताने. गेल्या वर्षी ४२ केले. पाच तडकले, आठ नातेवाइकांत गेले, उरलेले २९ सरासरी १,६०० रुपयांना विकले. लोकांना परवडावं म्हणून भाव कमीच ठेवते. माती, रंग, खोकी यांवर ९ हजार गेले. एका मूर्तीला सगळे मिळून १४ तास लागतात. शेवटी शेवटी ११ दिवस बिनपगारी रजा काढली. पतसंस्थेत बसले तरी जीव माळ्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मूर्तींत असतो. मार्चअखेर उरकली की राजीनामा द्यावा म्हणते. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, म्हणतात, "तुझं तू बघ." सासूबाई म्हणतात, "गणपती विकून कुणाचं घर चाललंय?" विश्वकर्मा योजनेतून तीन लाख मिळतात असं कळलं. काय करू?*
*— मातीवेडी*

अगं मातीवेडे,

सासूबाईंना सांग, पेणला चालतं. तिथं आणि शेजारच्या हमरापूरला घरोघर गणपतीचे कारखाने आहेत. एक विसर्जन झालं की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाची माती मळायला घेतात. एकजण साच्यात भरणार, दुसरा हात फिरवून सफाई करणार, तिसरा रंग देणार, आणि डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळाच. तुझ्या माळ्यावर ही चारही माणसं तू एकटीच आहेस, आणि संध्याकाळी सहानंतर कामावर येतेस.

आता हिशोब. पतसंस्थेतली बाई आहेस, तरी हा हिशोब तू अर्धाच मांडलास. २९ मूर्तींचे ४६,४०० आले, ९ हजार खर्च गेला, राहिले ३७,४००. बिनपगारी ११ दिवसांचे साधारण ७ हजार तू धरलेच नाहीस. राहिले ३०,४००. मूर्ती केल्यास ४२, प्रत्येकीला १४ तास, म्हणजे ५८८ तास. भागाकार कर. तासाला ५२ रुपये पडले. वर्षभरात हातात आलं ते दोन महिन्यांच्या पगाराहून कमी. मी काही तुझा उत्साह मारायला बसलेली नाही, पण हा आकडा बघितल्याशिवाय राजीनाम्याच्या कागदाला हात लावू नकोस.

तडकलेल्या पाचांचं मला वाईट वाटत नाही. शाडू सुकताना आक्रसतो. सोंड, कान पातळ, ते आधी वाळतात. पोट जाड, ते ओलंच राहतं. मग जोडाशी तडा जातो. आतून पोकळ करायला आणि सावकाश वाळवायला हात बसेल तसे पाचाचे दोन होतील. मला खुपतात ते आठ. तडा न जाता गेलेले. १,६०० प्रमाणे १२,८०० रुपये. पत्रात तू "नातेवाइकांत गेले" असं लिहिलंस, जसं दूध उतू जातं. गेले कसे गं? कुणीतरी मागितले आणि तू दिलेस. आत्तेसासूबाई, नाहीतर नणंदेच्या जाऊबाई, "घरचीच तर आहे आपली" म्हणत आल्या असणार. पूजेला पाचशेची फुलं त्या विकतच आणतात.

माझे वडील पाट्या रंगवायचे. दोरीला खडू लावून ती फळीवर ताणायची, चिमटीत धरून सोडायची, की पांढरी रेघ उठायची. त्या रेघेवर ते अक्षर बसवत. अक्षर असं की माणसं रस्त्यात थांबत. ओळखीचा दुकानदार म्हणायचा, "नाना, नुसतं नावच तर लिहायचंय," आणि नाना चहावर पाटी लिहून देत. आमचं घर चाललं ते गाड्यांच्या नंबरप्लेटींवर आणि ट्रकच्या मागच्या फळ्यांवर, कारण ट्रकवाला नात्यातला नसायचा. फ्लेक्स आल्यावर पाट्या गेल्या. पण खरं सांगू, पाट्यांनी पैसे त्याआधीही कधी दिले नव्हते.

"परवडावं म्हणून" भाव कमी ठेवतेस, हेही मला पटलेलं नाही. तुला पगार आहे म्हणून १,६०० परवडतात. तुमच्या गावातल्या कुंभाराला त्याच गणपतीवर वर्ष काढायचंय, आणि गिऱ्हाईक त्याला तुझा भाव ऐकवतं. हाताची, शाडूची मूर्ती २,२०० च्या खाली देऊ नकोस. काहीजण जातील. जाऊ देत, ३७ मूर्तींना ३७ माणसंच लागतात.

पीओपीवर बंदी येईल आणि मग शाडूला सोन्याचे दिवस, या भरवशावर मात्र राहू नकोस. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये पीओपीला मनाई करणारे नियम काढले, तरी जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला वाट दिलीच. अडवलं ते नैसर्गिक पाण्यातलं विसर्जन. बाजारात स्वस्त मूर्ती राहणार असं धरूनच चाल.

विश्वकर्मा योजनेत मूर्तिकार बसतो, हे खरं. पण ते तीन लाख कर्ज आहे, आधी एक लाख, मग दोन, पाच टक्के व्याजाने. आणि सरकारी नोकरीतल्या माणसाच्या घरच्यांना ती योजना लागूच नाही. जावईबापू शाळेत आहेत, तेव्हा तो विषय सोड. त्यांचा पगार हीच तुझी योजना. "तुझं तू बघ" या वाक्याला मी नकार समजत नाही. त्यांना कागदावर आकडे दाखव, शिक्षक माणसाला ते आवडतं.

यंदा राजीनामा नको. अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होते. वाळवायला १८ दिवस जास्त मिळालेत, ते वापर. संस्थेत विचारून ऑगस्ट-सप्टेंबरची रजा आत्ताच लिहून घे, ऐनवेळी नको. आणि बाकीचे महिने मातीने भरतात का ते बघ: गौरीचे मुखवटे, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, माघातला गणपती, मे महिन्यात मुलांचं शिबिर. बेंदराच्या बैलांना हात लावू नकोस, ते कुंभारवाड्याचं पोट आहे. उलट त्यातल्याच एखाद्या जुन्या हाताशी महिनाभर बसता आलं तर बस, माती मळण्यापासून. हातानेच करायचा हट्टही तिथं थोडा सुटेल. साचा म्हणजे पाप नव्हे, डोळे तुलाच आखायचेत. दिवाळीनंतर मला पुन्हा आकडे पाठव. नातेवाइकांसह सगळ्यांचे पैसे जमा झाले असतील आणि तासाचे शंभराच्या पुढे गेले असतील, तर राजीनाम्याचं बोलू.

आत्तेसासूबाईंचा फोन श्रावण लागला की येईलच. "यंदा दोन हजार दोनशे, पाचशे आगाऊ," एवढंच वाक्य पोळ्या लाटताना म्हणून म्हणून तोंडात बसव. त्यावर त्या काय म्हणाल्या ते मला नक्की कळव, मला फार उत्सुकता आहे.

तुझी,
मावशी