गुण वाढले, पण बोलणे सुधारले का?

प्रश्न : माझ्या यजमानांना चौदा महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि अफेजिया, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने बोलण्यात आणि भाषा वापरण्यात येणारी अडचण, सुरू झाली. चार महिन्यांच्या स्पीच थेरपीनंतर ‘वेस्टर्न अफेजिया बॅटरी’ या चाचणीत त्यांचे गुण शंभरपैकी ५२ वरून ५९ झाले. घरात मात्र चहा हवा की पाणी, हे सांगतानाही ते अडखळतात. ही सुधारणा खरी मानायची का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सुधारणा खरी आहे, असे मानायला आधार आहे, परंतु तुमची शंकाही तितकीच रास्त आहे. झोप, थकवा किंवा प्रश्नांची ओळख यांमुळे एकाच माणसाचे गुण काही अंशी वर-खाली होतात. म्हणूनच २०१९ मध्ये गिलमोर, ड्वायर आणि किरण या संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांतील आकडे एकत्र करून या चाचणीसाठी सुमारे ५ गुणांच्या वाढीचा निकष मांडला. सात गुण त्यापुढे जातात. शिवाय झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत भाषा आपोआपही सावरते, तो काळ थेरपी सुरू होण्यापूर्वीच सरला होता. मात्र ही चाचणी मुळात इंग्रजीसाठी तयार झाली असल्याने मराठी रुग्णाच्या बाबतीत हा आकडा अंदाजापुरताच धरावा.

गुण वाढणे आणि बोलणे सुकर होणे या दोन गोष्टी एकत्र घडतीलच असे नाही. ब्रिटनमधील ‘बिग कॅक्टस’ या अभ्यासात २७८ जण सहभागी होते. त्यांतील एका गटाने आपल्याला हवे असलेले शब्द सहा महिने संगणकावर घोटले आणि नेहमीच्याच उपचारांवर असलेल्या गटापेक्षा त्यांची शब्द आठवण्याची क्षमता १६.२ टक्क्यांनी अधिक सुधारली. तरीही संभाषणात फरक आढळला नाही. याउलट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील अभ्यासात आठवड्याला किमान दहा तास, निदान तीन आठवडे थेरपी घेतलेल्यांचा रोजच्या प्रसंगांतील संवाद सुधारला, आणि तिथे सहभागींच्या झटक्याला सहा महिने तरी उलटून गेलेले होते. त्यामुळे चौदा महिने झाले म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही.

थेरपिस्टना दोन प्रश्न अवश्य विचारा : सरावात न घेतलेले शब्दही आता सुचतात का, आणि थेरपीत खंड पडल्यावर पुन्हा चाचणी घेतली तर वाढ टिकेल का? घरच्या माणसाने भरायची सोळा प्रसंगांची ‘कम्युनिकेटिव्ह इफेक्टिव्हनेस इंडेक्स’ ही प्रश्नावली १९८९ पासून उपलब्ध आहे. हो-नाही अचूक सांगता येणे हा त्यातलाच एक प्रसंग. तिच्याबद्दलही विचारा.

घरी दर महिन्याला एकाच विषयावरचे त्यांचे पाच मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. एकूण शब्द मोजू नका; विषयाला धरून असलेले आणि अर्थ पोहोचवणारे शब्द तेवढे मोजा. मोजणारी व्यक्ती शक्यतो बाहेरची असावी, कारण इतक्या महिन्यांच्या सहवासाने तुम्हाला त्यांचे अर्धे वाक्यही पुरे होत असेल. चहा-पाण्याचीही आठवडाभर नोंद ठेवा : तुम्ही न सुचवता किती वेळा त्यांनी स्वतः, शब्दाने किंवा खुणेने, आपली निवड कळवली. खूण करून सांगणे हाही संवादच आहे, तो मोजणीतून वगळू नये. आणि पुढील उद्दिष्ट ठरवण्यापूर्वी, बोलता आले तर सर्वप्रथम कोणाशी आणि कशाविषयी बोलायचे आहे, हे त्यांनाच चित्रे किंवा फोटो दाखवून विचारा.