बहरीनमध्ये पाणी आधी आलं, तेल नंतर

तुम्ही विचारलंय की इंग्रजांच्या काळात बहरीनसारख्या एवढ्याशा आखाती देशात पाणी, वीज, रस्ते कुणी केले, पैसा कुणी घातला आणि आपल्याकडे पीडब्ल्यूडी होतं तसं काही तिथं होतं का. मी मूळचा राजापूर तालुक्यातला. बहरीनच्या राजधानीत, मनामात, बारा वर्षं पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर सुपरवायझर होतो, त्यामुळे तिथली जमीन पुष्कळ खणून पाहिलीय. जुन्या लोकांशी बोलून आणि मागाहून वाचून जे पक्कं कळलं, तेवढंच लिहितो.

पैशाचं आधी सांगतो, कारण तिथंच बहुतेकांची गल्लत होते. बहरीन ही इंग्रजांची वसाहत कधी नव्हती. १८८० आणि १८९२ च्या करारांनी तिथल्या शेखनं परराज्यांशी होणारा व्यवहार इंग्रजांवर सोपवला, गादीवर मात्र अल खलिफा घराणंच राहिलं. त्यामुळे मनामातल्या रस्त्याला किंवा दिव्याला लंडनहून पैसा यायचा नाही आणि दिल्लीहूनही नाही. राज्याचं मुख्य उत्पन्न म्हणजे बंदरावरची जकात, आणि ही जकात कित्येक वर्षं मक्त्यानं दिलेली होती. मक्तेदार हिंदी व्यापारी. ठरलेली रक्कम शेखला पोचती करायची, वरचं ते आपलं. १९२३ मध्ये इंग्रजांनी शेख ईसा बिन अली यांना कारभारातून बाजूला केलं आणि त्यांचे पुत्र हमद यांच्याकडे सूत्रं दिली. पुढच्या वर्षी जकातीवर पगारी इंग्रज अधिकारी बसला. जमाखर्च वहीत येऊ लागला तेव्हा कुठं सार्वजनिक कामांसाठी शिल्लक दिसायला लागली.

१९२६ मध्ये चार्ल्स बेलग्रेव्ह सल्लागार म्हणून आले. लंडनच्या टाइम्समधली जाहिरात बघून अर्ज केलेला हा माणूस १९५७ पर्यंत तिथंच राहिला. लोक त्यांना नुसतं ‘मुस्तशार’ म्हणत, म्हणजे सल्लागार. पुढं बांधकाम खातं झालं, वीज खातंही झालं. सुरुवातीला मात्र शेख, सल्लागार, १९२० च्या सुमारास सुरू झालेली मनामाची नगरपालिका आणि मोजके जाणकार लोक यांच्यावरच सगळा गाडा चालत होता. पोलीस, कोर्ट आणि खजिना अशा सगळ्यांच्या दोऱ्या एका परक्या माणसाच्या हातात असणं मला पटत नाही, आणि १९५० च्या दशकात खुद्द बहरीनच्या लोकांनीही त्याविरुद्ध आवाज उठवला. पण कामं झाली ती तिथल्याच पैशातून झाली, हे विसरू नका.

आता पाणी. तुमच्या प्रश्नात वीज आणि रस्तेही आहेत, पण मला विचाराल तर बहरीनची सगळी कथा पाण्याची आहे.

‘बहरैन’ म्हणजे अरबीत दोन समुद्र. वरचा खारा आणि खालचा गोडा, असा त्याचा अर्थ तिथले लोक लावतात. वर्षाला जेमतेम तीन इंच पाऊस. आमच्याकडे आषाढात एका रात्रीत पडतो तेवढा. तरी बेटाच्या उत्तरेला खजुराच्या बागांचा दाट हिरवा पट्टा होता, कारण हजारो वर्षांपूर्वी अरबस्तानच्या पूर्व भागात पडलेला पाऊस चुनखडीच्या थरांत मुरून, समुद्राच्या तळाखालून सरकत बहरीनपर्यंत यायचा आणि आपल्या दाबानं वर उसळायचा. अधारी, उम्म शऊम, अबू जैदान असे मोठमोठे झरे होते. झऱ्यापासून बागेपर्यंत दगडी पाट. काही ठिकाणी पाट जमिनीखालून गेलेले आणि साफसफाईला उतरण्यासाठी थोड्याथोड्या अंतरावर वरून भोकं ठेवलेली. कोकणातल्या माणसाला पाट नवा नाही, पण वाळवंटाच्या काठावर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नुसता बघतच राहिलो.

समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे होते. त्यांना तिथं ‘कौकब’ म्हणत, म्हणजे तारा. मोती काढणाऱ्या होड्या आपलं पिण्याचं पाणी तिथूनच भरायच्या. पाणबुड्या कातडी पखालीचं तोंड मुठीत आवळून खाली जायचा, झऱ्याच्या धारेवर तोंड मोकळं करायचा, पखाल फुगली की पुन्हा आवळून वर यायचा. चहूकडे खारं पाणी आणि हातात गोड्या पाण्याची पखाल! मनामा शहरात पिण्याचं पाणी गाढवावर पखाली लादून विकत यायचं. त्यात रिफ्याजवळच्या हुनैनिया विहिरीचं पाणी सगळ्यांत गोड म्हणून त्याला मान असायचा.

मग फ्रँक हॉम्स नावाचा न्यूझीलंडचा इंजिनिअर आला. त्याला तेलाचा परवाना हवा होता. शेखला हवं होतं पाणी. हॉम्सनं विहिरी पाडून दिल्या, पाणी जमिनीतून आपोआप वर आलं, शेख खूश झाले आणि २ डिसेंबर १९२५ ला तेलाचा परवाना त्याच्या कंपनीला मिळाला. आखाताच्या अरब किनाऱ्यावर पहिल्यांदा तेल लागलं ते याच परवान्याच्या जमिनीत, १९३२ मध्ये, जबल दुखानच्या पायथ्याशी. तिथल्या जुन्या माणसांना हा क्रम बरोबर पाठ आहे, आधी पाणी, मग तेल.

पण नळी ठोकली की पाणी उसळतं हे एकदा कळल्यावर कोण थांबणार? बागाबागांत बोअर झाले. पंप नको, इंधन नको, दिवसरात्र धार चालू. कित्येक नळ्यांना झडप म्हणून नव्हती. बाग भिजून उरलेलं पाणी सखल भागात साचायचं आणि त्यात डास व्हायचे. बहरीनमध्ये हिवताप जुनाच, त्याला हे आयतं खतपाणी मिळालं.

एकदा अधारीच्या बाजूला आमचं खोदकाम चालू असताना चर खणता खणता असाच एक जुना बोअर लागला. साधारण सहा इंची लोखंडी नळी, वरचं तोंड गंजून पापुद्रे सुटलेलं. शेजारच्या बागेतले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांना सगळे हाज्जी म्हणत, मीही म्हणायचो. ते मला मुहंदिस म्हणायचे, इंजिनिअर नसलो तरी. त्यांनी नळीवर काठी वाजवली. आवाज पोकळ आला. लहानपणी याच नळीच्या धारेखाली अंघोळ केल्याचं त्यांनी मोडक्यातोडक्या उर्दूत सांगितलं. मग पलीकडे नेऊन पाट दाखवला. दगडाला दगड बसवलेला, चुन्याचा गिलावा अजून शाबूत, आणि तळाशी मिठासारखा पांढरा थर. बोटाला लावून त्यांनी तो मला चाखायला दिला. खारट होता.

त्यांनीच मला तिथली म्हण सांगितली. अधारी लांबच्याला पाजते आणि जवळच्याला उपाशी ठेवते. झऱ्यालगतची जमीन जरा उंचावर असल्यानं पाणी तिथं चढायचं नाही, पाटानं दूरच्या बागांकडे वाहून जायचं, म्हणून ही म्हण पडली. घरच्यांना सोडून परक्यांचं भलं करणाऱ्याला आजही तिथं अधारी म्हणतात.

विजेचं थोडक्यात सांगतो. १९३१ च्या सुमारास मनामाच्या रास रुम्मान भागात पहिलं वीजघर चालू झालं. तेल लागायच्या आधीच, म्हणजे जकातीच्या पैशातूनच. आपल्या माणसाला गंमत वाटेल ती तिथल्या बोलीची. आखाती अरबीत हातातल्या टॉर्चला ‘बिजली’ म्हणतात. पंख्याला ‘बंका’, कारण अरबीत ‘प’ नाही. पाण्याच्या टाकीला ‘तांकी’, आणि कारकुनाला ‘कर्रानी’, म्हणजे आपल्या हिंदुस्थानातल्या कचेऱ्यांमधला किरानी. १८७३ पर्यंत आखाताचा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा तिथला राजकीय प्रतिनिधी, मुंबई सरकारच्या हाताखाली होता. टपाल कचेरी १८८४ पासून हिंदुस्थानची, १९३३ पासून तर आपल्याच तिकिटांवर ‘बहरीन’ असा छाप. मोती मुंबईच्या बाजारात यायचे, चलन रुपया-आण्यांचं. माल, माणूस आणि शब्द एकाच गलबतातून गेले म्हणायचे. १९६५ मध्ये दिनार आला तेव्हा दहा रुपयांना एक दिनार असा हिशेब धरला होता.

मनामा आणि मुहर्रक या दोन बेटांना जोडणारा रस्ता हे त्या काळातलं सगळ्यांत मोठं काम. समुद्रात दगडांचा भराव टाकायला १९२९ मध्ये सुरुवात झाली आणि लगेच काम रेंगाळलं. जपानी कृत्रिम मोती बाजारात आले, त्यात जगभरची मंदी, मोत्यांचा भाव कोसळला. मोती गेला की व्यापार गेला, व्यापार गेला की जकात गेली. तेल लागलं नसतं तर तो भराव तसाच पडून राहिला असता. अखेर १९४०-४२ च्या दरम्यान रस्ता पुरा झाला. मधोमध फिरता पूल ठेवला होता, म्हणजे शिडाची गलबतं आली की पूल बाजूला फिरवायचा. त्याआधी पलीकडे जायचं तर होडीनं, आणि ओहोटी असली तर शेवटचा तुकडा गाढवावरून.

तेलाची रॉयल्टी टनामागं साडेतीन रुपये होती, तीन रुपये आठ आणे. त्या पैशाचे तीन वाटे ठरवले होते. एक शेखच्या घराण्याला, एक राज्याच्या खर्चाला आणि एक पुढच्या दिवसांसाठी गुंतवून ठेवायला. घराण्याला तिसरा हिस्सा जास्तच आहे असं मला वाटतं. पण १९४१ च्या शिरगणतीत सगळी वस्ती सुमारे ९०,००० होती, त्या मानानं उरलेल्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते बरेच झाले. शेजारच्या किनाऱ्यावर तेव्हा यातलं फारसं काही नव्हतं.

पाण्याचे मात्र असे तीन वाटे कुणी केले नाहीत, आणि मला सगळ्यांत जास्त खंत त्याचीच आहे. तेल मोजलं गेलं, टनाटनाचा हिशेब झाला. पाणी नुसतं उपसलं गेलं, कारण ते फुकट होतं. वस्ती वाढली तसे बोअर वाढले, दाब उतरला, आपोआप येणाऱ्या पाण्याला पंप लागले, आणि गोडं पाणी मागं सरलं तिथं समुद्राचं आणि खालच्या थरातलं खारं पाणी शिरलं. १९७१ मध्ये बहरीन स्वतंत्र झालं, तेही १५ ऑगस्टलाच. त्यानंतर चारेक वर्षांत सित्रा बेटावर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना उभा करावा लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठे झरे आटले होते. आम्ही पाइप टाकत होतो तो याच कारखान्याच्या पाण्यासाठी. ज्या मातीतून गोडं पाणी आपणहून वर यायचं, तिच्यात विकतचं पाणी नेणारी नळी पुरायची!

कधी गेलात तर अधारीला जरूर जा. तिथं पुढं बाग आणि पाळणे झाले. झऱ्याचं कुंडही आहे, पण त्यात पाणी बाहेरून सोडतात. बागेच्या कुंपणाबाहेर थोडं फिरलात तर एखाद्या पाटाचा तुकडा अजून सापडेल. हाज्जींच्या बागेतल्या खजुरांना मी तिथून निघेपर्यंत टँकरनं पाणी यायचं. आठवड्यातून दोनदा, आणि ते स्वतः उभं राहून प्रत्येक झाडाच्या आळ्यात मोजून सोडायचे.