मोठं झालेलं, शेल्टरमधलं कुत्रं नव्या घराला जीव लावतं का?

तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मी नुकतीच शेल्टरमधून घरी आले होते, ओढणीला खारी नावाच्या आमच्या कुत्रीचे केस तसेच चिकटलेले होते. तुम्ही लिहिलंय की पुण्यात दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट आहे, तुम्ही आणि मिस्टर दोघंही नोकरीला जाता, सासूबाई दिवसभर घरी असतात. शेल्टरमधलं एखादं मोठं, प्रेमळ कुत्रं दत्तक घ्यावं असं तुमच्या मनात आहे. पण घरच्यांचं म्हणणं, आणायचंच तर पिल्लू आणा, मोठं कुत्रं नव्या माणसांत रुळत नाही, आणि शेल्टरमध्ये पडून आहे म्हणजे त्यात काहीतरी खोट असणारच.

जीव लावतं. अगदी नक्की लावतं. मी सहा वर्षं दर रविवारी शेल्टरमध्ये जाते आणि माझ्या घरी असंच मोठेपणी आणलेलं कुत्रं आहे, म्हणून एवढ्या खात्रीने सांगते.

आधी खोटीचं बघू. खारी आमच्याकडे का आहे ते ऐका. बेकरीतल्या खारीचा असतो तसा तिचा रंग, कडांना जरा जास्त भाजल्यासारखा, म्हणून हे नाव. महामार्गालगतच्या एका ढाब्यावर ती लहानाची मोठी झाली. गाडीने उडवलं, मागचा पाय मोडला, ढाब्यावरच्या पोरांनीच तिला पोत्यात घालून आमच्याकडे आणलं. पायात रॉड घातला, हाड जुळलं, त्याच वेळी नसबंदीही झाली. तिच्या डाव्या कानाच्या टोकाला छोटी खाच आहे, ती नसबंदी झाल्याची खूण. नियमाप्रमाणे असं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. पण खारीला सोडायला घेऊन गेलो तर ढाबाच नव्हता. रस्ता रुंद करताना पाडला होता. पोरं गावी निघून गेलेली. सोडायचं कुठे आणि कोणाच्या भरवशावर? म्हणून ती परत आली आणि दोन वर्षं झाली, आमच्याकडेच आहे.

शेल्टरमधल्या बहुतेक कुत्र्यांमागे अशीच एखादी गोष्ट असते. कोणाचा म्हातारा मालक गेला, कोणाच्या घरच्यांची बदली झाली, कोणी पिल्लू म्हणून हौसेने आणलं आणि मोठं झाल्यावर दारात आणून बांधलं. आपल्याकडे रस्त्यावरच्या पिल्लांचा हंगाम साधारण दिवाळीपासून थंडीभर असतो. तेव्हा पिल्लं हातोहात जातात, आणि उन्हाळा लागता लागता त्यातलीच काही उंच, लांब पायांची होऊन आमच्याकडे परत येतात. कुत्र्याची खोट म्हणावी असं यात काय आहे ते मला आजवर दिसलेलं नाही. त्यात ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायची, परत त्या जागी सोडायची नाहीत. म्हणजे जागेची ओढाताण आणखी वाढणार. अशा वेळी एक कुत्रं घरी गेलं की एक जागा मोकळी होते, हे तुम्हीही मनात धरा.

आता जीव लावण्याचं. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ साली नेमका तुमच्या सासूबाईंचा प्रश्न तपासला होता. आश्रयगृहातली मोठी कुत्री घेतली आणि एका अनोळखी माणसाला त्यांच्यासोबत फक्त १०-१० मिनिटं, तीन वेळा घालवायला सांगितली. तेवढ्यावर ती कुत्री त्या माणसाशी आपलं माणूस असल्यासारखी वागू लागली, तो खोलीबाहेर गेला की दाराकडे जाऊन वाट बघू लागली. तीन भेटी, अर्धा तास! आणि आपल्याकडचं, आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचं सांगायचं तर कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला या कुत्र्यांना खाऊपेक्षा डोक्यावरून फिरलेला हात जास्त उपयोगी पडतो. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या माणसाने नुसतं खायला घातलं त्यापेक्षा, कुरवाळलं तर ती अधिक जवळ आली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खारीच आठवली. ती बिस्किटाचा वास घेते, बिस्किट तिथेच ठेवते, वळते आणि आपल्या नडगीला पाठ टेकवून सगळं वजन टाकून बसते. हात थांबला की नाकाने तळवा उचलून परत स्वतःच्या डोक्यावर ठेवते.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. खारीला मागच्या वर्षी एक घर मिळालं होतं. चांगली माणसं होती. नवव्या दिवशी परत घेऊन आली. म्हणाली, "शेल्टरमध्ये किती लाडात यायची, घरी तशी नाहीच. दाराशी बसून राहते, खेळत नाही, रात्री कण्हते. तिला आम्ही आवडलो नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खारी त्यांच्याकडे गेली त्या दिवशी दत्तकाचे कागद मीच भरून घेतले होते. खारीला घर मिळालं या आनंदात, पुढचे दिवस कसे जातील हे मी त्यांना नीट बसून सांगितलंच नाही. ही चूक माझी होती. परत आल्यावर तीन आठवडे खारी कोणाच्या पायाशी आली नाही. म्हणून तुम्हाला आता सविस्तर सांगते.

कुत्रं सांभाळणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस ते भांबावलेलं असतं, खात नाही, कोपरा धरतं, कधी दोन दिवस शीसुद्धा करत नाही. तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक त्याला कळतं, चावी कुलपात फिरल्याचा आवाज कोणाचा हे ओळखू लागतं. आणि आपण इथलेच, हे मनात पक्कं बसायला तीन महिने. माझा सोन्या २०१७ मध्ये आला तेव्हा दातांवरून पाच वर्षांचा असेल असं डॉक्टर म्हणाले. पहिले तीन दिवस तो वॉशिंग मशीनच्या मागे होता. आम्ही झोपलो की येऊन भात खायचा आणि परत मागे. बाबांचा कुत्र्याला ठाम विरोध होता, ते त्याच्याकडे बघायचेही नाहीत. सतराव्या दिवशी रात्री आम्ही जेवत होतो, सोन्या आला आणि टेबलाखाली बाबांच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपला. बाबा पाऊण तास हलले नाहीत. ताटातलं वरण गार झालं, आईने हात धुवायला पाणी तिथेच आणून दिलं. मला वाटतं, बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही, हाका मारल्या नाहीत, म्हणूनच तो त्यांच्याकडे आधी गेला. तुम्हीही पहिले काही दिवस तेच करा. आजूबाजूला असा, पण मागे लागू नका. घरी आणल्याचा आनंद म्हणून नातेवाईक बोलावू नका. पहिल्या दिवशी आंघोळ तर अजिबात नको.

पिल्लाबद्दल घरच्यांना एवढं समजावून सांगा : पिल्लाला पहिले काही महिने दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, चार महिन्यांचं होईपर्यंत लशी चालू असतात, पार्व्होसारखा आजार दोन दिवसांत पिल्लाला नेऊ शकतो, आणि दात येताना ते चपला, वायरी, सोफा काही सोडत नाही. तुम्ही दोघं कामावर, म्हणजे हे सगळं सासूबाईंवर. शिवाय पिल्लू मोठं होऊन केवढं होईल, कसल्या स्वभावाचं निघेल, हे कोणी सांगू शकत नाही. मोठ्या कुत्र्याचं तसं नाही. ते शांत आहे की उड्या मारणारं, मुलं आवडतात का, दुसरं कुत्रं चालतं का, हे सगळं तुम्ही घरी नेण्याआधी डोळ्यांनी बघू शकता. माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या घराला चार-पाच वर्षांचं शांत कुत्रं पिल्लापेक्षा कितीतरी बरं.

आणण्याआधी शेल्टरकडून रेबीजच्या आणि इतर लशींचं कार्ड, नसबंदीचा कागद आणि गोचीड तापाची रक्ततपासणी मागून घ्या. शेल्टरमध्ये गोचिड्या होतातच, आणि हा ताप कधी कधी वरून काही न दाखवता रक्तात राहतो. आम्ही घरही बघायला येतो, त्याचा राग मानू नका. आम्हाला फक्त बाल्कनीच्या गजांतलं अंतर, मुख्य दार उघडलं की थेट जिना आहे का, आणि घरातला प्रत्येक माणूस तयार आहे का, एवढंच बघायचं असतं. पहिला महिना जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये कुठेही पट्टा सोडू नका. नवीन कुत्रं घाबरलं तर घराकडे पळत नाही, कारण घर कुठे हे त्याला अजून माहीत नसतं. दिवाळीच्या आसपास आणणार असाल तर मी सरळ सांगेन, थांबा, तुळशीच्या लग्नानंतर न्या.

सोसायटीची काळजी तुम्ही लिहिली आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांनुसार सोसायटीला ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. मात्र महानगरपालिकेचा परवाना वेळेवर काढा आणि शी उचलायला कागद खिशात ठेवा. शेजाऱ्यांशी निम्मी भांडणं तिथेच मिटतात. खर्चाचं म्हणाल तर सोन्याचा धडधाकट असतानाचा महिना अडीच-तीन हजारांत जायचा. बिनमिठाचा भात, उकडलेलं चिकन, भोपळा-गाजर. कांदा, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट मात्र कधीच नाही. सासूबाई प्रेमाने कांदेपोहे पुढे करतील, तेवढं त्यांना आधी सांगून ठेवा.

वर्षभरात परदेशी जायचं चाललं असेल, किंवा घर भाड्याचं असून मालकाने लेखी होकार दिला नसेल, तर आत्ता घेऊ नका. खारीने एकदा परत येणं सोसलं आहे. दुसऱ्यांदा तिला तसं गाडीतून उतरताना मला बघायचं नाही.

खारी तुमच्या घरी जावी असं माझ्या मनात आहे. तुम्ही विचाराल, मग मीच का नाही तिला घेतलं. सोन्या आता १३ वर्षांचा आहे, त्याची मूत्रपिंडं थकली आहेत, एक दिवसाआड सलाइन लागतं. घरात दुसरं कुत्रं आणायला डॉक्टरांनी नाही सांगितलं आहे. नाहीतर ती केव्हाच माझ्याकडे असती.

खारी साधारण चार वर्षांची आहे. थंडीत सकाळी उठल्यावर चार पावलं लंगडते, मग चालायला लागते. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढते, त्याहून वर लिफ्ट हवी. मांजरीशी जमतं, भुंकणं फार कमी. मोठ्या आवाजाच्या ट्रकला अजून घाबरते, ते बहुधा जन्मभर राहील.

घेतलीच पाहिजे असं नाही, पण तीन रविवार येऊन तिच्याजवळ बसून जा. सकाळी दहाच्या सुमाराला या, तेव्हा जेवणं आटोपलेली असतात आणि गलका कमी असतो. मला संदेश पाठवलात तर मी फाटकाशी येईन. खाऊ आणू नका. आत आल्यावर तिला हाक मारू नका, नुसत्या जमिनीवर बसा आणि हात मांडीवर उघडा ठेवा. सासूबाईंना जमिनीवर बसायला त्रास होत असेल तर ओट्यावर खुर्ची टाकून ठेवते, पण त्यांना सोबत नक्की आणा. दिवसभर तिच्याबरोबर राहणार त्या आहेत, तेव्हा पहिली ओळख त्यांचीच झालेली बरी.